उज्ज्वलाचे दोन ठोके

उज्ज्वलाबद्दल चांगलं बोलायला मला काही अडचण नाही. बोलताना पोटात थोडं दुखतं, एवढंच.

धाराशिवात आजही कुणाच्या घरी अर्धांगवायूचा माणूस असला की कुणीतरी म्हणतंच, त्या डोक्याला चुंबक लावणाऱ्या मॅडम होत्या बघा, त्या असायला पाहिजे होत्या. मग बोलणाऱ्याची नजर माझ्याकडं वळते. "तुमी त्यांच्या हाताखाली होता न्हवं?" आता काय सांगायचं? ती यायच्या आधी कितीतरी वर्षं मी त्या पुनर्वसन केंद्रात फिजिओथेरपिस्ट होते आणि ती गेल्यावरही तिथंच आहे. ती मधे येऊन गेली. पण लोकांच्या लेखी मी तिच्या हाताखालची. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, तशातली गत. म्हैस मेलेली नाही, चांगली सुखात आहे, दक्षिणेतल्या एका मोठ्या मेंदूसंस्थेत आहे आणि दिवाळीला मला फोन करते. तरी म्हण तोंडात आलीच.

आमचं दोघींचं गाव माकणी. धरणाच्या पाण्याकडेला तिच्या आबांचं रान आणि बांधाला लागून आमचं. शाळेत बाक एक. ती काटकुळी, सावळी, डाव्या भुवईत एक पांढरा केस. तो केस ती बोटानं चाचपत बसायची, अजूनही बसत असेल. गणितात ती माझ्या पुढं, धावण्यात मी तिच्या पुढं. गावात धावण्याचं कौतुक कुणाला असतं?

दुपारची भाकरी घेऊन आम्ही दोघी रानात जायचो. बांधावर उभं राहून मी माझ्या वडिलांना कोकलायची, एकदा, दोनदा, चारदा. वडील आपले कामात. उज्ज्वला मात्र आधी नुसतं हळूच "आबा" म्हणायची, मला शेजारी उभ्या असलेलीला जेमतेम ऐकू यावं असं. मग जरा थांबायची. आणि मग खणखणीत हाक टाकायची. आबा लगेच मान वर करायचे. पहिली हाक त्यांना ऐकू जात असेल असं मला आजही वाटत नाही. पण ती म्हणायची, "तुजा आवाज मोटा हाय लते, पण हाक येणार हाय हे तू आदी कळू देत न्हायस." फ्रॉकमधली पोरगी, आणि हे बोलणं. मला ती तेव्हापासूनच सहन होत नाही.

पुढं दोघींनाही फिजिओथेरपीला प्रवेश मिळाला. मी डिग्री घेऊन परत आले, नोकरी धरली, लग्न करून धाराशिवात राहिले. ती शिकत गेली. मेंदूवर संशोधन, मग डॉक्टरेट. तिची खबर मला आईकडून कळायची आणि आईच्या प्रत्येक फोनचा शेवट ठरलेला असायचा, "शिकली बाई पोरगी." म्हणजे मी काय केलं, असं मी कधी विचारलं नाही. मनात म्हणायची, पिकतं तिथं विकत नाही. इकडं आली की कळेल तिला. ती आली आणि हातोहात विकली गेली.

तिच्या संस्थेचं काम आमच्या केंद्रात काही काळ चालणार होतं. जुनी एक्स-रेची खोली रंगवून तिला दिली. ट्रकमधून यंत्र उतरलं: एक जड पेटी, पडदा आणि एक दांडा असलेली कॉइल. दोन मोठ्या बांगड्या एकमेकींना चिकटवून वर प्लास्टिक चढवावं तशी. त्या कॉइलमधून क्षणभर जबर चुंबकाचा झटका निघतो. तो कवटीच्या आत मेंदूपर्यंत जातो, माणसाला दुखत नाही. मेंदूत हात हलवण्याचा हुकूम जिथून सुटतो, बरोबर त्या जागेवर कॉइल धरली तर हात हलतो.

पहिल्याच दिवशी तिनं मला खुर्चीत बसवलं. माझ्या अंगठ्याच्या गादीवर तारा चिकटवल्या, डोक्याच्या डाव्या बाजूला कॉइल टेकवली, थोडी इकडं, थोडी तिकडं, जात्याची खुंटी बसवतात तशी जागा शोधत राहिली. टक असा आवाज आला, पडद्यावर एक लाट उठली आणि माझा अंगठा उडाला. मी हलवला नव्हता. माझा अंगठा, नवऱ्याच्या सांगण्यानंही कधी हललेला नाही, आणि तो हिच्या एका टकनं हलला. मी हसले. आतून इतका राग आला होता की काही विचारू नका.

"आता बग," ती म्हणाली. या वेळी तिनं यंत्राला जोडीनं ठोके द्यायला लावलं. पहिला ठोका एकदम बारीक, एकटा दिला तर अंगठ्याला पत्ताही लागू नये असा. दुसरा नेहमीचा. दोन्हींमधली फट अगदी नखाएवढ्या वेळाची ठेवली तेव्हा पडद्यावरची लाट पार बसली. मग तिनं फट किंचित वाढवली, आपल्या कानाला दोन्ही वेळा एकच टक ऐकू येईल इतकी किंचित. लाट दुप्पट उभी राहिली. अंगठा तोच, दुसरा ठोका तेवढाच. मधली फट तेवढी बदललेली.

"पयल्यानं काईच केलं न्हाय असं वाटतंय," ती म्हणाली, "पण त्यो जाऊन बसलेला असतोय. दुसऱ्याला काय मिळणार ते त्याच्यावर हाय."

यातून तिला काय करायचं होतं तेही तिनं सांगितलं. ठरावीक फट ठेवून असे जोडठोके थोडा वेळ देत राहिलं तर मेंदूचा तो भाग काही काळ जास्त जागा राहतो. हुशार होत नाही, जागा होतो, हे ती दर वेळी बजावायची. अर्धांगवायूच्या माणसाला तेवढ्या जागेपणात व्यायाम दिला तर हात जास्त सुधारेल का, हे तिला बघायचं होतं. ठोके ती देणार, व्यायाम मी. म्हणजे ताट तिनं वाढायचं आणि खरकटं मी काढायचं, असं मी घरी येऊन नवऱ्याला म्हणाले. तो म्हणाला, उलटं आहे बहुतेक. नवरे असंच बोलतात.

एक गोष्ट मात्र नीट सांगायला हवी. तिच्याकडं कॉइल दोन होत्या, एक खरी, एक खोटी. दिसायला सारख्या, टकही सारखाच, पण खोटीतून डोक्यात काही जायचं नाही. निम्म्या लोकांना ही, निम्म्यांना ती. तशाशिवाय ठोक्यांचा गुण किती आणि व्यायामाचा किती हे कळणार कसं? कुणाला कोणती, ते फक्त तिला ठाऊक. मला नाही, पेशंटला नाही. बसायच्या आधी ती प्रत्येकाला समोर घेऊन सांगायची: तुमच्या वाट्याला खरी येईल का खोटी ते चिठ्ठीवर ठरतंय, मी आत्ता सांगणार न्हाय, काम संपल्यावर सांगीन, आणि खोटी आली असंल त्याला मग पायजे तर खरी देईन. लोक मान डोलवायचे आणि बाहेर येऊन एकमेकांना सांगायचे, माझी खरीच हाय. ढोकीकडचे एक म्हातारे तर म्हणायचे, टक झालं की मला पार टाचेपर्यंत मुंग्या येत्यात. ती अशी सगळ्यांची गुपितं पोटात घेऊन हिंडायची आणि मी रोज तिच्या तोंडाकडं बघून अंदाज करायची. एकदाही लागला नाही.

या लाटांची मापं घेताना तिची पहिली फजिती झाली. ते मला आवडलं होतं, खोटं कशाला बोलू? माप घ्यायचं तर हात पूर्ण सैल हवा. आणि आपल्याकडची माणसं शिकलेल्या बाईसमोर सैल बसतच नाहीत. टोपी काढून मांडीवर, पाठ ताठ, चांगल्या हातानं लुळा हात धरून नीट मांडलेला. "सैल सोडा" म्हटलं की हुकूम झाला म्हणून आणखी ताठ. पडद्यावरची रेघ सपाट पाहिजे तर ती थरथरत राहायची आणि माप भलतंच मोठं यायचं. उज्ज्वलाला हे उशिरा कळलं. कळलं त्या दिवशी तिनं तोवरची सगळी मापं सरळ टाकून दिली. डोळ्यात पाणी होतं, पण टाकली. मी असते तर जरा तडजोड केली असती, असं मला वाटून गेलं आणि तेही आवडलं नाही.

शेवटी उपाय माझाच निघाला. हात सैल व्हावा म्हणून मी वर्षानुवर्षं परातीत कोमट केलेली ज्वारी घेऊन त्यात पेशंटचा हात पुरून ठेवते. दाण्यात हात गेला की माणूस आपोआप निवांत होतो, घरी आल्यासारखा. तिनं ती परात उचलून आत नेली आणि पडद्यावरची रेघ सपाट झाली. पुढं संस्थेतून मोठी मंडळी बघायला आली तेव्हा तिनं मला हाताला धरून पुढं केलं आणि सांगितलं, ही लता, ही परात हिची, हिच्याशिवाय माझं एक माप खरं आलं नसतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि मला वाटलं, झालं, आता जन्मभर मी परातीची बाई. तिनं माझं श्रेय चोरलं असतं तर किती बरं झालं असतं! निदान भांडता आलं असतं. हेवा करायला समोरचं माणूस जरा तरी वाईट असावं लागतं. ही तेवढीही सोय करत नव्हती.

तिचं नाव गाजलं ते खंडेनवमीला. आपल्याकडं त्या दिवशी ट्रॅक्टर, शिलाई मशीन, वजनकाटा, सगळ्यांना हार चढतो. मग डोक्याच्या मशीनलाच का नको? पेशंट आणि त्यांची माणसं झेंडूच्या माळा घेऊन हजर. उज्ज्वलानं तारांना पाणी लागू देऊ नका एवढंच सांगितलं आणि बाजूला उभी राहिली. हळदकुंकू झालं, नारळ फुटला. पूजा झाल्यावर यंत्र एकदा चालवायचं असतं, म्हणून लोकांनी आग्रह धरला. तेवढ्यात एका पेशंटच्या बायकोनं फुलांखाली पाच रुपयांचं पिवळं नाणं कॉइलवर ठेवलं. ते कुणी पाहिलं नाही. उज्ज्वलानं बटण दाबलं. टक. नाणं वर उडालं, खाली पडलं आणि घरंगळत कपाटाखाली गेलं.

मग ती बाईच हात जोडून म्हणाली, "दक्षिणा घेत न्हाय ओ मशीन."

उज्ज्वलानं जीव तोडून समजावलं की झटक्यासरशी कॉइल धातूला ढकलून देते, यात दुसरं काही नाही. ऐकतंय कोण? दुपारपर्यंत गोष्ट एसटी स्टँडवर पोचली होती. मशीनच पैसा घेत न्हाय तिथं मॅडम कशाला लबाडी करतील, असं लोक म्हणू लागले. हार माझ्या व्यायामाच्या दांड्यांनाही चढले होते. पण माझं काहीच उडालं नव्हतं.

एवढं सगळं मी पचवलं असतं. दादाचं मात्र पचलं नाही.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. उसाच्या हंगामात ढोकीच्या कारखान्याकडं ऊस वाहून नेणारा ट्रॅक्टर तो स्वतः चालवायचा. ऐन उन्हाळ्यात त्याला अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. पाय हळूहळू सावरला, हात अडकला. मूठ वळायची, उघडायची नाही. स्टेअरिंग धरलं तर सुटायचं नाही, मग गाडी चालवणार कशी? त्याला आणि आईला मी माझ्याकडं धाराशिवात आणून ठेवलं. दादाचं एकच म्हणणं होतं, गाळप सुरू व्हायच्या आत मला ट्रॅक्टरवर बसव. बाकी बोलणं त्यानं सोडून दिलं होतं. दिवसभर तो त्या बंद मुठीकडं बघत बसायचा आणि मला ते बघवायचं नाही.

दादा उज्ज्वलाच्या कामात आला. तिकडं ती टक टक करायची, मग तो माझ्या खोलीत यायचा. शिवाय सकाळ-संध्याकाळ घरी मी होतेच. मनगट खाली वाकवलं की बोटं आपसूक जराशी सुटतात, तिथून सुरुवात केली. जराशी वळवळ दिसायला लागली तशी मी त्याचा चांगला डावा हात उपरण्यानं पोटाशी बांधून टाकला. चांगला हात मोकळा असला की माणूस आजारी हाताकडून काम करून घेत नाही, म्हणून हा उपाय. घास उजव्यानं, तांब्या उजव्यानं, बटण उजव्यानं. भाकरी ताटाबाहेर पडायची, दादा चिडायचा, एकदा त्यानं तांब्या माझ्या अंगावर फेकला. आई पदर तोंडाला लावून रडायची. "हाय त्यो बी हात बांदून ठिवलास, कसायाची हायस का गं तू? ती उज्ज्वला बग, आवाज चढवत न्हाय." उज्ज्वलाला आवाज चढवायची गरजच काय होती? तिच्या खुर्चीत माणूस ज्वारीत हात घालून निवांत बसायचा. ज्वारी माझीच. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो याहून काय वेगळा असतो!

आणि हाच दादा, जो लहानपणी "ए उजे" म्हणून तिला बोरं फेकून मारायचा, तो आता तिला मॅडम म्हणायचा. मला अजून लतीच.

दादाचा हात उघडावा असं मला किती वाटत होतं ते माझं मला माहीत. पण तो तिच्या ठोक्यांनी उघडू नये असंही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी वाटायचं. सकाळी देवाला हात जोडले तरी नेमकं काय मागावं ते कळायचं नाही.

एका दिवशी माझ्या टेबलावर दादाच्या मुठीत मी मक्याचं कणीस दिलं होतं. आई शेजारच्या स्टुलावर. उज्ज्वला पुढच्या पेशंटला बोलवायला दारात आली होती. मी म्हणाले, सोड. रोजच म्हणायची. दादाच्या कपाळावरची शीर फुगली, अंगठा हलला, मग करंगळी, मग सगळी बोटं, एकदम नाही, कुरकुरत, एकामागून एक सरळ झाली. कणीस टेबलावर पडलं आणि घरंगळलं. दादानं हात परत मिटला आणि परत उघडला.

आई उठली. माझ्या अंगावरून पुढं गेली आणि उज्ज्वलाच्या पायाशी वाकली. दादा रडत होता आणि तिच्याकडं बघून हात जोडत होता, आता दोन्ही हात. उज्ज्वलानं आईला उठवलं आणि माझ्याकडं बघितलं. लांबलचक बघितलं. जिंकलेलं माणूस असंच बघतं, असं मला वाटलं. त्या क्षणी तिनंच पहिल्या दिवशी सांगितलेलं मला आठवलं आणि फार लागलं: मी तो बारीक ठोका, काही न केल्यासारखा, आणि ती दुसरा. दिसतो तो दुसराच. भाऊ बरा झाला त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन रडले, आणि ते रडणं नुसतं आनंदाचं नव्हतं.

गाळप सुरू झालं तेव्हा दादा ट्रॅक्टरवर होता. सुरुवातीला शेजारी माणूस घेऊन, मग एकटा. वाटेतल्या प्रत्येक टपरीवर तो मॅडमची कथा सांगायचा आणि मूठ उघडून दाखवायचा.

उज्ज्वलाचं काम संपलं. केंद्रातल्या आम्हा सगळ्यांना बसवून तिनं निकाल सांगितला. जोडठोक्यांनंतर पडद्यावरच्या लाटा पुष्कळांच्या वाढल्या होत्या. मेंदू थोडा वेळ जागा होतो हे खरंच होतं. पण हाताच्या कामात, घास, बटण, तांब्या यांत, खरी कॉइल लागलेले आणि खोटी लागलेले यांच्यात म्हणावा असा फरक दिसला नव्हता. जीव ओतून केलेल्या कामाचा असा निकाल तिनं गावातल्या पावसाची खबर सांगावी तशा आवाजात सांगितला. मला क्षणभर बरं वाटलं. लगेच तिच्या तोंडाकडं बघवेना.

दुसऱ्या दिवशी ती यंत्राची पेटी बांधत होती आणि मी तारा गुंडाळून देत होते. ती भुवईतला केस चाचपत म्हणाली, "लते, तुज्या दादाला खोटी होती."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्याच्या डोक्यात काही गेलंच नव्हतं. इतके दिवस मी ज्या दुसऱ्या ठोक्यावर जळत होते तो बसलाच नव्हता.

मी म्हणाले, मग हात कशानं उघडला? ती म्हणाली की तुझ्या व्यायामानं, त्याच्या जिद्दीनं, आणि थोडं आपोआप व्हायचं होतं तेही झालं असेल. कशाचा किती वाटा ते तिला सांगता येत नाही. तिनं केलेलं त्यात काही नव्हतं, एवढं नक्की. इतके दिवस का बोलली नाहीस, असं मी विचारायला गेले आणि थांबले. नियम मलाही ठाऊक होता. पण आई तिच्या पाया पडत होती तेव्हा हिला हे माहीत होतं. तेव्हाचं ते बघणं मी किती उलटं वाचलं होतं!

त्याच संध्याकाळी ती माझ्या घरी जेवायला आली. सगळ्यांना सांगायचा शब्द दिलेला होता, दादालाही सांगायचंच होतं. आईनं शेंगदाण्याची पोळी केली होती. दादा मुद्दाम उजव्या हातानं वाढत होता. उज्ज्वलानं ताट बाजूला सारलं आणि आपल्या साध्या पद्धतीनं सगळं सांगितलं. तुम्हाला खोटी कॉइल आली होती. नुसता आवाज होत होता. हात लतानं उघडला. आता हवी असेल तर खरी द्यायची व्यवस्था मी करीन.

दादानं तिच्याकडं बघितलं, मग आईकडं, आणि दोघंही हसले. कौतुकानं हसले.

"मॅडम," दादा म्हणाला, "मोटी मानसं अशीच असत्यात बगा. केलंय आपुन आन् नाव दुसऱ्याचं घ्यायचं."

उज्ज्वला म्हणाली की अहो खरंच. तिनं कॉइलची गोष्ट परत पहिल्यापासून सांगितली. चिठ्ठी कशी निघाली ते सांगितलं. जितकं जास्त सांगत गेली तितकी आई जास्त भारावत गेली. शेवटी आई माझ्याकडं वळली. "बग. शीक जरा. एवडं करून बी तुजं नाव घेती. न्हायतर तू, परातीपायी तोंड फुगवून बसलीस."

मी पोळी गिळली. मला वाटलं होतं, खरं सांगितलं की संपेल. खरं सांगून तिचं नाव आणखीच मोठं झालं होतं. उज्ज्वला, जिला मेंदूतलं सगळं समजावून सांगता येतं, ती माझ्या आईपुढं हात टेकून बसली होती.

तिला सोडायला आम्ही स्टेशनवर गेलो. दादानं तिची जड बॅग उजव्याच हातात घेतली आणि आईबरोबर पुढं चालला. आम्ही दोघी मागं. फलाटावर ऊन तिरपं झालं होतं. उज्ज्वला थांबून म्हणाली, "त्याची बोटं उगडली ना त्या दिशी, सगळी माज्याकडं बगायली हुती. म्या तुज्याकडं. लई जळले गं मी. त्यो हात मला उगडायचा हुता."

शाळेच्या बाकावरच्या दिवसांपासून मी समजत होते की हेवा ही आमच्या दोघींत फक्त माझ्याकडची वस्तू आहे. तिच्याकडं बाकी सगळं होतं, म्हणून निदान हे तरी माझं एकटीचं. मी नुसता तिचा दंड धरला. तिनं माझा हात बाजूला केला नाही. माझ्या पोटात त्या दिवशी दुखायचं थांबलं असं सांगितलं तर ते खोटं होईल. पण शेजारी आणखी कुणाच्या तरी पोटात दुखतंय हे कळल्यावर जरा सोबत वाटली.

गाडी आली. दादानं बॅग चढवली, खाली उतरून अगदी खिडकीसमोर उभा राहिला. मी त्याच्या पाठीमागं. गाडी हलली तशी उज्ज्वलानं खिडकीतून हात बाहेर काढला आणि बोट दाखवायला लागली. दादाकडं नाही, त्याच्या खांद्यावरून माझ्याकडं. ही, हिनं, असं तिचे ओठ म्हणत होते. दादाला वाटलं मॅडम निरोप घेतायत. त्यानं उजवा हात उंच केला, पाचही बोटं ताणून उघडली आणि जोरजोरात हलवायला लागला. ती बोट दाखवत राहिली, तो हात हलवत राहिला. माझ्या डोळ्यांपुढं नेमका त्याचा तो उघडा पंजा होता, त्यामुळं शेवटी ती मला नीट दिसलीसुद्धा नाही.